मंडळींचा नंबर

आमच्या इस्पितळात वशिला चालत नाही असं एकच टेबल होतं, आणि ते शाजलीचं. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर नोकरीची निम्मी वर्षं काढली, म्हणून खात्रीने सांगतो. बाकी कुठेही जा, रक्त तपासायला, फोटो काढायला, अगदी आवारात गाडी लावायला, कोणाचा तरी मावसभाऊ मधे पडल्याशिवाय काम हलत नाही. इजिप्तमधल्या आमच्या सोहागमध्ये माणूस जन्माला येतो तोच मावसभावांसकट. पण शाजलीकडे कोणी "आपलाच माणूस आहे, जरा बघा" म्हणत आलं, की तो चष्मा काढायचा, स्वेटरच्या टोकाला पुसायचा, पुन्हा लावायचा आणि म्हणायचा, यादी सगळ्यांची आहे. सख्ख्या मेहुण्यालाही त्याने हेच ऐकवलं. मेहुण्याने त्यानंतर ईदेलासुद्धा त्याच्या घरी पाऊल टाकलं नाही.

मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो. इतका सरळ माणूस शेजारी बसला की आपण वाकडे दिसतो. मी त्याला "आमचे खलिफासाहेब" म्हणायचो. तो हसायचा आणि कागदात गुंडाळलेल्या फूलच्या, म्हणजे शिजवलेल्या कडधान्याच्या, पावातला अर्धा माझ्यापुढे सरकवायचा. आमच्या उपासाच्या दिवसांत तर आवर्जून, कारण फूल आम्हा कॉप्ट ख्रिश्चनांना उपासाला चालतं हे त्याला माझ्या बायकोपेक्षा जास्त लक्षात असे.

मी केबल आणि प्रिंटर बघायचो. शाजली इस्पितळाचे रिपोर्ट करायचा. रिपोर्ट म्हणजे काय, तर पडद्यावर चौकटी असत: तालुका, वय, नोंदणी कधी झाली, फाइल चालू की बंद, तपासण्या झाल्या की नाहीत. साहेब लोकांना हवी त्या चौकटीत टिक करायची. प्रत्येक चौकटीमागे शाजलीने लिहिलेला एकेक तुकडा. टिक केली की तो तुकडा आधीच्या तुकड्याला जोडला जाई, आणि शेवटी जे लांबलचक वाक्य तयार होई, ते डेटाबेसला विचारलं जाई. त्या वाक्याला क्वेरी म्हणतात. कोशरीच्या गाडीवर गिऱ्हाईक सांगेल तसा ताटलीत भात पडतो, मसूर पडतात, कांदा पडतो किंवा नाही पडत, तसंच हे. पंचाईत एवढीच, की जोडून पूर्ण झालेली क्वेरी कोणाला दिसत नसे. दिसायची ती फक्त यादी, आणि छापील यादीवर आमच्याकडे लोक वेदवाक्यासारखा विश्वास ठेवतात.

इस्पितळ यकृताचं. आमच्या पिढीला लहानपणी बिलहार्झियाची, कालव्याच्या पाण्यातून होणाऱ्या त्या रोगाची, इंजेक्शनं टोचली ती एकाच सुईने, रांगेत उभं करून. त्या सुईतून घराघरांत हेपटायटिस-सीचा विषाणू शिरला. नवऱ्याला आहे आणि बायकोलाही आहे, याचं आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. शाजलीला होता आणि त्याच्या बायकोलाही होता. पुढे गोळ्या आल्या. काही महिने गोळ्या खाल्ल्या की माणूस ठणठणीत, असं ते औषध. सगळा जिल्हा आमच्या दारात लोटला. ज्याचा नंबर येईल त्याला इस्पितळातून फोन जाई. लोक फोन उशाशी घेऊन झोपत.

नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात खिडकीवर तमाशे व्हायला लागले. खिडकीवर मदाम इखलास बसायच्या. बाई मनाने चांगली, पण आवाज असा की नाईलच्या पलीकडच्या काठावर ऐकू जावा. पुरुष आपलं नाव सांगून व्हायचा, मग म्हणायचा, "आणि घरचेही आहेत." इखलास विचारायच्या, "नाव बोला, हाज, नाव. घरच्यांना नाव ठेवलंय ना?" मागे पंचवीस-तीस माणसं रांगेत कान टवकारून. आमच्याकडे पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही, आईचं तर नाहीच. शाळेत कोणाच्या आईचं नाव पोरांना कळलं, तर त्या पोराला तोंड लपवायला जागा उरत नसे. तेव्हा खिडकीवरची माणसं लालबुंद व्हायची, काही कागद उचलून चालू लागायची, आणि बायकांची नोंदणी राहून जायची.

यावर तोड काढली ती शाजलीने. पुरुषाने आपलं ओळखपत्र द्यायचं, त्याखाली बायकोचं किंवा आईचं ओळखपत्र पालथं सरकवायचं. इखलास मुकाट्याने त्यावरून नाव टंकणार. बाईची नोंद नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फाइलीखाली लटकणार, आणि पडद्यावर नुसतं दिसणार, "मंडळी". फोनही नवऱ्याला जाणार: "मंडळींना घेऊन या." कोणाच्या तोंडून नाव निघायला नको. संचालक डॉ. हिशमत यांनी सगळ्यांसमोर शाजलीची पाठ थोपटली. त्या उन्हाळ्यात बायकांची नोंदणी दुपटीने वाढली. शाजलीने स्वतः पण रांगेत उभं राहून आपलं आणि बायकोचं ओळखपत्र तसंच सरकवलं. मागच्या दाराने जाता आलं असतं, पण खलिफासाहेब ते.

शाजलीचा नंबर पहिल्या काही महिन्यांतच लागला. गोळ्या संपल्या, रक्तात विषाणू सापडला नाही, डॉक्टरांनी सही केली आणि फाइल बंद झाली. आम्ही खोलीत गुलाबी सरबत वाटलं. मी म्हटलं, आता उम्म फव्वाजचा नंबर लागला की मोठी मेजवानी. फव्वाज त्याचा मुलगा, हुरघादाला मिनीबस चालवतो. शाजलीच्या बायकोला आम्ही उम्म फव्वाज, फव्वाजची आई, म्हणूनच ओळखत होतो. इतक्या वर्षांत तिच्या हातचं बदक खाल्लं, मुलुखिया खाल्ली, पण तिचं नाव मला माहीत नव्हतं आणि विचारणं शक्य नव्हतं.

वर्ष गेलं. यादी भराभर लहान होत होती. खिडकीवर माणसं येत, स्वतःचं ओळखपत्र पुढे करत आणि विचारत, "आमचा नंबर आला का?" इखलास त्यांचंच नाव टंकणार. पडद्यावर उमटायचं, फाइल बंद, रुग्ण बरा. "हाज, तुम्ही तर बरे झालात, देवाची कृपा. पुढचे या." तो माणूस दोन क्षण घुटमळायचा. मागची रांग बघायचा. आणि जायचा.

मुतवल्ली नावाचे एक म्हातारे शेतकरी अखमीमच्या बाजूच्या खेड्यातून यायचे. मी खिडकीचा प्रिंटर दुरुस्त करत होतो तेव्हा त्यांना पाहिलं. इखलासनी त्यांनाही मुबारक म्हणून वाटेला लावलं. ते बाजूला सरकून भिंतीशी उभे राहिले, रांग विरळ झाल्यावर परत आले आणि खाकरून म्हणाले, "माझं नाही. मंडळींचं विचारतोय." इखलासनी पुन्हा त्यांचीच फाइल बघितली. यादीत तर काहीच बाकी दिसत नव्हतं. "सगळं घर बरं आहे, हाज. यादीत कोणी उरलेलं नाही." म्हाताऱ्याने मान डोलावली. पडद्यावर दिसतंय ते चूक असेल असं म्हणायची त्याची काय बिशाद. तो गेला. मी प्रिंटरचं झाकण लावलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका रविवारी माझी बायको शाजलीच्या घरून आली. म्हणाली, उम्म फव्वाजचे पाय सुजलेत, चप्पल चढत नाही. चेहरा मातकट झालाय. स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसून कांदा चिरते. दुसऱ्या दिवशी मी शाजलीला सरळ म्हटलं, यादीत तिचा नंबर कितवा आहे ते बघ.

"बघणार नाही," तो म्हणाला.

"अरे, नंबर पुढे सरकव म्हणतोय का मी? नुसतं बघ. बघण्यात कसलं पाप?"

"आज बघेन. फार मागे दिसला तर उद्या परत बघेन. परवा हात शिवशिवेल. मी मला ओळखतो, नाशिद."

"स्वतःला ओळखतोस. तिच्या पायांना ओळखतोस का? तिला चप्पल चढत नाहीये."

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "तिच्या आधी ज्यांचे नंबर आहेत, त्यांच्याही घरात कोणाला तरी चप्पल चढत नसेल."

मी टेबलावरचा केबलचा चिमटा आपटला आणि बाहेर चहाला गेलो. त्या दिवशी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या मनाची काय उलघाल होत होती हे मला दिसत होतं, म्हणूनच जास्त चीड येत होती. तो रोज सकाळी आला की फोन बाहेर काढून टेबलावर ठेवायचा, उताणा. दिवसभर त्याच्याकडे बघायचा नाही. घरी जाताना उचलायचा.

मग तो दिवस उजाडला. यादी संपली. डॉ. हिशमतांच्या पडद्यावर शून्य आलं. आख्ख्या सईदमध्ये, म्हणजे दक्षिण इजिप्तमध्ये, आपलं इस्पितळ पहिलं, म्हणून दर्शनी भिंतीवर मोठा कापडी फलक चढला, "प्रतीक्षा यादी शून्य". कैरोहून कोणी मोठा अधिकारी आला, फोटो निघाले, पुन्हा गुलाबी सरबत आलं. डॉक्टरसाहेबांनी भाषणात शाजलीचं नाव घेतलं. सगळे टाळ्या वाजवत होते. शाजली माझ्या शेजारी उभा होता, सरबताचा पेला भरलेलाच, आणि त्याचा चेहरा पांढराफटक.

साहेबांचं भाषण चालू असतानाच तो खोलीत गेला. मी मागे गेलो. तो खुर्चीत बसला नव्हता, टेबलाला धरून उभा होता.

"यादी चुकली आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"माझ्या घरी फोन आलेला नाही."

इतक्या महिन्यांत त्याने यादीत स्वतःच्या घरचं काही शोधलं नव्हतं. आता बसला. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्याने शोधाची चौकट उघडली, बोटं कळांवर ठेवली आणि थांबला. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी त्याने दाराकडे बघितलं. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "तफीदा," आणि टंकलं. मला मान खाली घालावीशी वाटली.

नाव आलं. त्याच्या पडद्यावर तफीदा होती: नोंदणी झालेली, तपासण्या झालेल्या, वाट बघत असलेली. त्याने डॉक्टरसाहेबांची यादी उघडली. तिथे नव्हती. पुन्हा आपली उघडली. होती. दुपार सगळी यातच गेली. त्याने चालवलं की ती दिसायची, साहेबांच्या टिकांनी चालवलं की नाहीशी व्हायची. दोन्हीकडे डेटाबेस तोच, रिपोर्ट तोच. माझं डोकं फिरायची वेळ आली, पण शाजली शांतपणे एकेक टिक काढून बघत होता. तालुक्याची काढली, नाही. वयाची काढली, नाही. मग म्हणाला, असं चाचपडून उपयोग नाही, पूर्ण वाक्य डोळ्यांनी वाचलं पाहिजे. त्याने रिपोर्टच्या पोटात एक ओळ घातली, की विचारायच्या आधी जोडून झालेली क्वेरी जशीच्या तशी बाजूला लिहून ठेव. साहेबांच्या टिका केल्या. चालवलं. ते लांबलचक वाक्य छापून त्याने टेबलावर पसरलं आणि पेन घेऊन शब्दाशब्दावर टेकवत निघाला.

पेन एका जागी थांबलं. "फाइल चालू" या टिकेचा तुकडा होता तो. तो तुकडा फाइल चालू आहे का हे विचारत होता, पण कोणाची फाइल? वरची, मुख्य. म्हणजे नवऱ्याची. बाईची नोंद नवऱ्याच्या फाइलीखाली लटकलेली. नवरा बरा झाला, त्याची फाइल बंद झाली, की त्याच घटकेला त्याच्याखालची बायको यादीतून गळत होती. ती आजारी आहे की नाही हे कोणी विचारतच नव्हतं.

तो तुकडा शाजलीने लिहिला होता. ती मंडळींची सोयही त्याचीच. त्याने तेव्हा नीट तपासूनही बघितलं होतं, मी साक्षीला आहे. पण त्या दिवसांत जिल्ह्यात एकही माणूस अजून बरा झालेला नव्हता. एकही फाइल बंद नव्हती. चूक दिसणार कशी?

मी त्याला हे सगळं म्हटलं. त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तो म्हणाला, "मी ज्या दिवशी बरा झालो ना, त्या दिवशी तिला काढून टाकलं. मीच. तुम्हाला सरबत वाटलं त्या दिवशी." मग त्याने साहेबांची ती टिक काढली आणि यादी चालवली. पडद्यावर नावं उतरायला लागली. खाली, खाली, आणखी खाली. सगळ्या बायका. आमच्या गावच्या, अखमीमच्या, गिरगाच्या. बऱ्या झालेल्या पुरुषांच्या बायका, वारलेल्या पुरुषांच्या विधवा, परदेशी गेलेल्या मुलांच्या आया. शाजली त्या नावांकडे बघत रडला. आवाज न करता, चष्मा न काढता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि ठेवला तसाच काढून घेतला. त्या पाठीला आधार देईल असं माझ्याकडे काही नव्हतं.

डॉ. हिशमतांना सांगायला आम्ही दोघे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद वाचला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अहवाल कैरोला गेला, शाजली. आज सकाळी. सहीनिशी." मग सुचवलं, की हळूहळू करू, थोड्या थोड्या बायकांना नव्या रुग्ण म्हणून घेऊ, बोभाटा नको. शाजलीने ऐकून घेतलं. म्हणाला, "नव्या म्हणून घेतलं तर रांगेच्या शेवटी जातील, डॉक्टर. त्या पुढे होत्या." साहेबांनी मान हलवली. उद्यापासून फोन सुरू करा, म्हणाले. फक्त भिंतीवरचा फलक मात्र आठवडाभर तरी राहू दे.

आणि तेव्हा शाजलीने ते केलं, जे मी त्याला करताना कधी पाहिलं नव्हतं. दाराशी जाऊन तो वळला. "डॉक्टर, माझी मंडळीही आहेत त्यात. त्यांना फार त्रास होतोय. जमलं तर तपासणी लवकर..." साहेब खुर्चीवरून उठले. "उद्या सकाळी घेऊन ये. सगळ्यांच्या आधी," ते म्हणाले. जिन्यात शाजली मला म्हणाला, "मागितलं मी, नाशिद." मी म्हटलं, बरं केलंस, हे आधीच करायला हवं होतंस. लगेच जीभ चावली. पण तो म्हणाला, हो, हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून इखलास फोन करायला बसल्या. त्यांचा तो आवाज एकाच दिवसात बसला. काही घरांतून आनंदाने रडणं ऐकू यायचं. काही घरांतून शांतपणे सांगायचे, तिला जाऊन इतके महिने झाले. मुतवल्लींना फोन लागला तेव्हा मी तिथेच होतो. म्हातारा म्हणाला, "तिचा चाळिसावा दिवसही होऊन गेला, बेटी. पण तुम्ही आठवणीने फोन केलात, देव तुमचं भलं करो." इखलासनी फोन खाली ठेवला आणि कपाळ टेबलाला टेकलं. मी त्यांच्यासाठी चहा आणला, तो तसाच गार झाला. राहिलेले फोन त्या दिवशी मी केले. माझा आवाज इखलाससारखा नाही, तरी मला तो स्वतःलाच मोठा वाटत होता.

तफीदाची तपासणी झाली. शाजली तिला हाताला धरून आणत होता तेव्हा मी जिन्यात उभा होतो. काळ्या वस्त्रात पोट पुढे आलेलं, डोळे पिवळे. मला बघून ती हसली आणि माझ्या मुलांची चौकशी केली. म्हणाली, "नाशिदभाऊ, तुमच्या मित्राला सांगा हो, रात्री झोपत जा म्हणावं. नंबर येईल तेव्हा येईल." तिला काहीही ठाऊक नव्हतं. शाजलीने तिला नंतर सगळं सांगितलं, असं माझी बायको म्हणते. तफीदाने त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं आणि त्याला विचारलं, जेवलास का.

आठवड्याने औषधाची पहिली दुरुस्त यादी निघायची होती. शाजलीने तो तुकडा नव्याने लिहिला होता, प्रत्येक बाईची फाइल तिची तिला विचारणारा. माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला. सकाळपासून बाहेर अंगणात बायका जमल्या होत्या, त्या फलकाखाली, सगळं अंगण काळंभोर. "प्रतीक्षा यादी शून्य" त्यांच्या डोक्यावर वाऱ्याने फडफडत होतं. तो उतरवायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

शाजलीने साहेबांच्या टिका केल्या आणि यादी चालवली. पानामागून पानं निघाली. त्याने ती वाचली नाहीत, सरळ शोधाच्या चौकटीत नाव टंकलं. या वेळी दाराकडे बघितलं नाही.

तफीदा नव्हती.

"राहिली चूक," तो म्हणाला. त्याच्या आवाजात घाई होती, आणि मला ऐकून धक्का बसला, थोडी आशाही होती. "कुठेतरी अजून एक तुकडा आहे. सापडेल." पूर्ण क्वेरी छापून घेतली. पेन घेतलं. एकेक टिक काढत गेला. तालुका, वय, नोंदणी, चालू फाइल. नाही, नाही, नाही. शेवटी एकच टिक उरली. ती काढली आणि तफीदा यादीत आली. लावली, गेली. काढली, आली.

ती टिक डॉक्टरांच्या समितीची होती, पहिल्या दिवसापासून असलेली. "औषध सोसेल असे रुग्ण." ज्याचं यकृत एका मर्यादेपलीकडे गेलंय, पोटात पाणी झालंय, त्याला या गोळ्या द्यायच्या नाहीत, त्याने माणूस आणखी लवकर जातो. तफीदाच्या तपासणीचे आकडे आदल्या संध्याकाळी भरले गेले होते. मी ते वाचले. शाजलीनेही वाचले असणार, पण तो आकड्यांकडे बघतच नव्हता. तो क्वेरीकडे बघत होता.

"इथे कंस बघ," तो मला म्हणाला. "कंस चुकला असेल."

मी बघितला. कंस बरोबर होता.

"मग जोडणी. ही पण नवऱ्याच्या फाइलीला विचारत असेल. माझे आकडे घेत असेल, तिचे नाही."

मी तेही बघितलं. तुकडा तिच्याच फाइलीला विचारत होता, तिच्याच रक्ताचे आकडे घेत होता. बाहेर इखलास बसलेल्या आवाजात नावं पुकारायला लागल्या होत्या, पहिल्यांदाच सगळी नावं, बायकांची, मोठ्याने, आणि अंगणातून कोणीतरी कोणाला तरी "चल, चल, आपलं आलं" म्हणत होतं.

"तू माझ्यापेक्षा नीट वाचतोस, नाशिद," शाजली म्हणाला. "पहिल्यापासून वाच. चूक असणारच. मागेही होती की."

त्याने कागद माझ्या हातात दिला. मी पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो. जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुकांवर चिडत आलो, आणि त्या दिवशी एक चूक सापडावी म्हणून देवाकडे पदर पसरत होतो. तो माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. मी शेवटच्या ओळीपर्यंत आलो, परत वर गेलो, परत खाली आलो. मग मला त्याला सांगावं लागलं, की क्वेरी बरोबर आहे.